मागून कापड धरणारा

हैदराबादच्या हिमायतनगरहून मछलीपट्टणचा समुद्र तीनशे किलोमीटरांच्या पलीकडे. त्यामुळे आमच्या मामांच्या दुकानात होड्यांची शिडं दुरुस्त व्हायची असं सांगितलं की पुण्यामुंबईचे पाहुणे गालात हसतात. त्यांना हुसेनसागर आठवत नाही. लिबर्टीच्या चौकातून चालत सुटलं की थोड्याच वेळात टँकबंड लागतो आणि बंडापलीकडे इब्राहिम कुतुबशहाच्या काळात, 1562 च्या सुमारास बांधलेलं ते तळं. तळंच आहे, समुद्राचा आव त्याला आणता येत नाही. पण मृगाचा पाऊस होऊन गेला की पश्चिमेचा वारा मोकळ्या पाण्यावरून थेट बंडावर येतो, आणि हा वारा शिडाच्या होड्यांना चांगला मानवतो. म्हणून तर हैदराबाद सेलिंग वीक ऐन पावसाळ्यात भरतो. सिकंदराबाद सेलिंग क्लब आणि ईएमई या लष्करी शाखेच्या मंडळींनी या पाण्यावर होड्या हाकायची सवय शहराला लावली. आणि होड्या आल्या की फाटकी शिडंही आलीच.

मामा मूळचे नांदेडकडचे. गोदावरीत डुंबलेले, पण होडीत पाय ठेवायला भ्यायचे. हैदराबाद संस्थान असताना ते इकडे आले आणि पुढे मराठवाडा महाराष्ट्रात गेला तरी इथेच राहिले. हिमायतनगरच्या एका गल्लीत, जुन्या बंगल्याच्या मोटारखान्यात त्यांचं दुकान होतं. मोटार कधीच विकली गेलेली, मोटारखाना भाड्याने. तेव्हाचं हिमायतनगर अशा बंगल्यांचंच होतं. आत कडुनिंब, बाहेर सायकलरिक्षा, दुपारी सगळं सामसूम. मामांचा पोटाचा धंदा म्हणजे ऑटोचे हूड, जीपचे टप, शाळांच्या स्नेहसंमेलनाचे पडदे आणि मे महिन्यात वाळ्याच्या पडद्यांना लावायच्या कापडी कडा. होडीचं काम मधूनच यायचं. तळ्यावरचा एखादा जवान सायकलच्या कॅरियरला गठ्ठा बांधून आणायचा आणि दारातूनच ओरडायचा, "मास्टर, कल शाम तक होना!"

सत्तरच्या दशकाच्या शेवटाला मी शाळेत होतो. तेव्हा तिकडे एंटरप्राइज जातीच्या होड्या असायच्या. इंग्लंडच्या जॅक होल्टने 1956 साली आखलेली ही दोघांची होडी, चार मीटरांच्या जरा वर लांब. तिची ओळख म्हणजे निळी शिडं. त्या निळ्या टेरिलीनचं एखादं शीड मामांच्या काळ्या यंत्राखाली पसरलं की सगळा मोटारखाना निळा व्हायचा आणि ऑटोचे हूड बाहेर कडुनिंबाखाली जायचे. गल्लीतली पोरं बघायला जमायची. शीड एवढं मोठं असतं हे दुरून कळत नाही.

आता यंत्राकडे येतो. तेव्हा निवड करायची म्हणजे फार डोकं चालवायला जागाच नव्हती. नवं घ्यायचं तर उषा, नाहीतर मेरिट, नाहीतर लुधियानात बनलेलं एखादं बिननावाचं, आणि ही सगळी साधारण एकाच जुन्या सिंगरच्या घडणीवर बेतलेली. उषा म्हणजे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगचं यंत्र, 1930 च्या दशकापासूनचं. प्रत्येक मराठी घरात लग्नात आलेलं किंवा हप्त्याने घेतलेलं एक तरी असायचंच. घरच्या उषावर अठरा नंबरची सुई लावून कॅनव्हासचे चार पदर निघतात. त्यापुढे ती कुंथते. मामांना ऑटोच्या हुडाच्या कोपऱ्यात सहा-आठ पदर एकत्र घ्यायचे असत, म्हणून त्यांनी जुनं सिंगर 31 के शोधलं. त्यातला 'के' स्कॉटलंडच्या क्लाइडबँकच्या कारखान्याचा, जो पुढे 1980 साली बंद पडला. शिंप्यांचं यंत्र ते. फक्त सरळ टाका, जड चाक, खाली लोखंडी पायडल.

ते घेताना मामांनी काय काय पाहिलं ते मला पाठ आहे, कारण पुढे आयुष्यभर ते हीच गोष्ट सांगत. आधी दोरा न घालताच वर्तमानपत्राच्या कागदावर टाके मारले आणि कागद उजेडाकडे धरून भोकांची ओळ सरळ आहे का ते बघितलं. ओळ नागमोडी आली तर सुईदांडा झिजलेला. मग पट्टा उतरवून चाक हाताने फिरवलं, कारण पायडलच्या जोरावर खराब यंत्रही धावून दाखवतं. हाताला मात्र अडखळ लागतेच. मग बॉबीनकेस दोऱ्याने लटकवून मनगटाला हलका झटका दिला. ती चार बोटं उतरून थांबली पाहिजे. धपकन आली तर दोरा ढिला, जागची हललीच नाही तर आवळलेला. आणि शेवटी खिशातून घडी घातलेला कॅनव्हासचा तुकडा काढून आठ पदरांवरून चाक हाताने एक फेरा फिरवलं. सोबत नारायणगुड्याचे एक मिस्त्री होते, उस्ताद. ते एवढा वेळ बिडी ओढत उभे होते. मामांनी विचारलं, कसं काय? उस्ताद म्हणाले, "मशीन बाद में देखो मियाँ, पहले मिस्त्री का घर देखो." म्हणजे यंत्र बिघडल्यावर दुरुस्त करणारा चालत जाण्याच्या अंतरावर आहे का? उस्ताद स्वतः तसे राहत होते, त्यामुळे सल्ल्यात थोडा स्वार्थ होता. पण खोटा नव्हता.

सुई जाड कापडात शिरते की नाही याचीच सगळे काळजी करतात. माझ्या मते ती दुय्यम गोष्ट. शिरतेच कशीबशी, सुई बदला, चाक हाताने फिरवा, शिरते. होडीच्या कामातलं खरं दुखणं आहे कापड पुढे सरकण्याचं. साध्या यंत्रात खालचे दाते फक्त खालचा पदर पुढे नेतात. वरचा पदर कापड दाबणाऱ्या फुटाखाली घासत मागे राहतो. ब्लाउजच्या बाहीत हे कळत नाही. पण चार मीटर लांबीच्या होडीची खोळ शिवताना दोन पट्ट्या एकमेकींना जोडत गेलात, तर शेवटी वरची पट्टी बोट-दोन बोटं उरलेली दिसते. मग ती चुण्या घालून मारली की खोळ पिळवटते, त्या पिळात पावसाचं पाणी साचतं, आणि पाणी साचलं की ती जागा आधी कुजते.

यावर त्या मोटारखान्यातला इलाज मी होतो.

सुट्टीत मामांकडे गेलो की माझी जागा यंत्राच्या मागे, एका उलट्या रॉकेलच्या डब्यावर. शिवून येणारं कापड मागून दोन्ही हातांनी धरायचं. पुढून मामा दोन्ही पदर ताणून देणार, मागून मी घेणार. ऐकायला हे काम पोरकट वाटतं, पण त्यात कसब होतं. जोराने ओढलं की सुई वाकते, सुईखालच्या पट्टीवर आपटते आणि तुटते. तुकडा उडाला तर डोळ्यात. ढिलं सोडलं की वरचा पदर मागे राहतो. मामा म्हणायचे, "ओढू नको रे, सोबत चाल." टाका पडताना सुई कापडात असते तेव्हा हात थांबवायचे, सुई वर आली की नखभर मागे घ्यायचे. पायडलच्या ठेक्यावर ते आपोआप जमायला लागलं. एवढं जमलं की मामा विड्याच्या पानांना पाठवायचेच असं नाही; कधी कधी समोरच्या इराण्याच्या हॉटेलातून बनपाव आणि अर्धा कप चहाही यायचा.

त्या काळच्या प्रत्येक जाड-कापडाच्या दुकानात मागे असा एक पोरगा असायचा. भाचा, पुतण्या, नाहीतर शाळा सोडलेला शेजारचा. यंत्र निवडताना ते गृहीतच धरलेलं असायचं, त्यामुळे यंत्राच्या किमतीत त्याची मजुरी कुणी मोजली नाही.

हाताने शिवायच्या कामाला मात्र दुसरा माणूस लागत नाही, हे आम्हाला एका कोकणी गृहस्थांनी शिकवलं. मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन ते मुलीकडे हिमायतनगरला राहायला आले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. एकदा फिरायला जाताना त्यांना दारात निळं शीड दिसलं आणि ते आतच शिरले. मामा त्या वेळी शिडाच्या कडेला दोर शिवायची खटपट यंत्रावर करत होते. अण्णांनी हात कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी ते पत्र्याची छोटी पेटी घेऊन आले. तिच्यात चामड्याचा एक पट्टा होता, अंगठ्यासाठी भोक असलेला. तळहातावर चढवला की अंगठ्याच्या मुळाशी धातूची खाचा असलेली चकती येते. सुईचं बूड त्या खाचेत टेकवायचं आणि सगळ्या हाताच्या जोराने ती दाबायची. शिंप्याचं अंगुस्तान बोटाची ताकद वापरतं, हा पट्टा खांद्यापर्यंतची. सुया तिधारी, म्हणजे टोकाकडे त्रिकोणी, घट्ट विणीतून वाट काढणाऱ्या. मेणाची वडी, दोऱ्यावर फिरवायला. दोराचे पेड उकलायला लाकडाची निमुळती खुंटी. आणि दोरीला बांधलेली एक अणकुचीदार आकडी.

त्या आकडीने मामा सगळ्यांत जास्त खूश झाले. अण्णा स्टुलावर बसत, आकडी उजव्या अंगाला खिळ्याला बांधत आणि तिचं टोक कापडात अडकवत. मग डाव्या हाताने कापड ताणलं की शिवण आपोआप तंग. मागच्या पोराचं काम ती आकडी करत होती. अण्णांनी आणखी एक सांगितलं: शिडाच्या कडेचा दोर नेहमी डाव्या बाजूलाच शिवतात, म्हणजे काळोखात चाचपूनसुद्धा कोणती बाजू कोणती ते खलाशाला कळतं. हुसेनसागरावर रात्री कुणी शीड उभारत नाही, हे आम्ही त्यांना सांगितलं नाही.

स्मरणरंजनाला एक वाईट खोड असते. जुन्या मालाची दुर्गंधी ते विसरतं. मी विसरलेलो नाही. मामांच्या खोळी सुती कॅनव्हासच्या, हिरव्या नाहीतर खाकी. ओल्या सुती कॅनव्हासचे धागे फुगतात आणि सुईची भोकं आपसूक बुजतात, हा त्याचा मोठा गुण. पण खोळ ओलीच घडी घालून ठेवली की चार दिवसांत काळे ठिपके आणि कुबट वास. सुती दोरा तर आधीच जायचा. कापड धड आणि शिवण उसवलेली अशा खोळी दर पावसाळ्यानंतर परत यायच्या. मामांना त्यात तक्रार नव्हती, तेच त्यांचं दिवाळीचं उत्पन्न. पुढे नायलॉनचा दोरा आला. तो तुटता तुटत नसे, म्हणून सगळ्यांनी डोक्यावर घेतला; पण हैदराबादच्या एप्रिल-मेच्या उन्हाने नायलॉन ठिसूळ होतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या मालाला पॉलिस्टरचाच दोरा हवा, आणि तोही उन्हासाठी प्रक्रिया केलेला. हे शहाणपण आता पुड्यावर छापून येतं. मामांना ते दोन उन्हाळ्यांनी शिकवलं.

टेरिलीनची आणखी एक भानगड होती. कापलं की कडेचे धागे सुटतात. आज त्यासाठी तापणारी सुरी मिळते, कापता कापता कड वितळवून बंद करणारी. मामा कातरीने कापायचे आणि मग पेटती उदबत्ती कडेवरून फिरवायचे. दुकानात मोगऱ्याचा आणि जळक्या प्लास्टिकचा मिळून एक चमत्कारिक वास भरायचा. नमुने कापायला सियासतची रद्दी, खळीने जोडलेली. उर्दू मथळ्यांची अख्खी होडी भिंतीला टांगलेली असायची. आता पारदर्शक प्लास्टिक थेट होडीवर पसरतात आणि मार्करने रेघ मारतात. रद्दीपेक्षा ते शंभर पटींनी बरं. कागद ओल्या होडीवर टिकत नसे आणि वळणावर फाटायचा.

मामा गेले, मोटारखाना गेला, बंगलाही गेला. त्या जागी आता चार मजले आहेत आणि तळाला दागिन्यांचं दुकान. हिमायतनगरचा मुख्य रस्ता संध्याकाळी ओलांडायचा तर जिवावर उदार व्हावं लागतं. तळ्याचंही रूप पालटलं. 1990 साली बुद्धाची अखंड मूर्ती नेताना तराफा उलटला, माणसं दगावली, मूर्ती तळाशी गेली आणि 1992 च्या डिसेंबरात ती वर काढून उभी केली, हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर झालं. मग नेकलेस रोड आला. पाण्याला वास आला तो अजून पुरता गेलेला नाही. पण होड्या वाढल्या. 2009 साली सुहेम शेख यांनी यॉट क्लब ऑफ हैदराबाद काढला आणि ज्यांच्या घरी कुणी पोहायलाही शिकलं नव्हतं अशा वस्त्यांतली मुलं-मुली ऑप्टिमिस्टमध्ये बसू लागली. ऑप्टिमिस्ट म्हणजे सव्वादोन-अडीच मीटरांची डब्यासारखी छोटी होडी, अमेरिकेच्या क्लार्क मिल्सने 1947 साली मुलांसाठी बनवलेली. इथे शिकलेली प्रीती कोंगारा पुढे आशियाई खेळांत उतरली. सहा बायकांनी तारिणी नावाच्या शिडाच्या नौकेतून 2017-18 साली पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यांतली ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादचीच. माझ्या लहानपणी तळ्यावर बाई दिसायची ती टँकबंडावर भुट्टा खाताना.

माझी भाची त्या होड्यांच्या नादी लागली, आणि तिच्यामुळे मी पुन्हा सुई-दोऱ्यात आलो. तिला दोन कामं करायची होती: जुन्या होड्यांना खोळी शिवणं आणि सरावाची फाटकी शिडं जोडणं. यंत्र कोणतं घेऊ, म्हणून तिने विचारलं. मामांना दुकानात तीन यंत्रं दिसली होती, हिला फोनवर तीनशे. शिवाय प्रत्येकाखाली लोकांची भांडणं.

दुकानदार आधी दाखवतो ते चिनी, चकचकीत, मोटर आतच बसवलेलं, मिनिटाला पाच हजार टाके मारणारं. गारमेंटवाल्यांचं यंत्र ते. दिवसभर शर्ट शिवायला त्याला तोड नाही. होडीच्या कामाला मात्र निरुपयोगी. त्याचा फूट पुरेसा उचलला जात नाही, जाड दोरा त्याच्या नाजूक हुकात मावत नाही, आणि त्या वेगाने सुई इतकी तापते की पॉलिस्टरचा दोरा वितळून तुटतो. इथे मिनिटाला दोनशे टाके मारता आले आणि हवं तिथे एकाच टाक्यावर थांबता आलं तर तेच पुष्कळ. दुसरं टोक घरगुती रंगीत यंत्रांचं: डझनावारी नक्षीचे टाके, प्लास्टिकची दातेरी चक्रं आणि कॅनव्हासच्या तिसऱ्या पदराला रड. त्यापेक्षा आजीची काळी उषा परवडली.

अमेरिकेत इंडियानामधली सेलराइट नावाची, 1969 साली सुरू झालेली एक कंपनी खास होडीवाल्यांसाठी यंत्रं बनवते: उचलून नेता येणारी, जाड कापड सरकवणारी, सरळ आणि झिगझॅग दोन्ही टाके घालणारी. वीज नसेल तिथे जड चाक लावून हाताने फिरवायची सोयही त्यांच्याकडे आहे. ते बघून मला हसू आलं, कारण तळ्याच्या काठावर दुरुस्तीला जाताना मामा नेमकं हेच करायचे: हातमशीन खांद्यावर, मूठ धरून चाक फिरवायचं. पण तिकडून यंत्र मागवायचं म्हणजे जकात, वाहतूक, आणि बिघडलं तर मिस्त्री कुठला? उस्तादांचा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन बसला.

शेवटी भाचीला मी ऑटोच्या हूडवाल्यांकडे नेलं. सीट-कव्हरच्या दुकानात बसलेलं यंत्र नीट बघ म्हटलं. त्यांच्याकडे वॉकिंग फूटचं यंत्र असतं. म्हणजे खालचे दाते कापड पुढे नेत असतानाच वरचा फूटही उचलून, पुढे पाऊल टाकून वरचा पदर सोबत नेतो. बऱ्याच यंत्रांत सुईसुद्धा कापडात असताना त्याच्याबरोबर पुढे सरकते. सहा मीटर लांब दोन पट्ट्या त्याने जोडून दाखवल्या. टोकं जुळली. मागे कुणीच बसलेलं नव्हतं. कारागीर एका हातात फोन धरून बोलत होता.

मी त्या फुटाकडे बराच वेळ बघत होतो. पुढे पाऊल, सुई कापडात असताना थांबणं, सुई वर, पुन्हा पाऊल. मामा मला जे तोंडाने सांगत होते ते कुणीतरी लोखंडात बसवलं होतं, आणि ते मामांच्या काळातही जगात मिळत होतं. जर्मनीत, जपानात अशी यंत्रं तेव्हाही होती. आमच्याकडे ती नव्हती कारण आमच्याकडे भाचे होते.

भाचीने तसलं यंत्र घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये टेबलासकट चढवताना लिफ्टवाल्याशी भांडण झालं. मोटर मात्र तिने बदलून घेतली, आणि ती तिची अक्कल मला आवडली. जुन्या पद्धतीची क्लच मोटर दिवसभर गुरगुरत राहते आणि पाय टेकवताच उसळते. सर्वो मोटर पाय पडेपर्यंत गप्प असते आणि तिचा वेग खुंटीने बांधून ठेवता येतो. शेजारच्यांना अजून पत्ता नाही की भिंतीपलीकडे होडीची खोळ शिवली जाते. जागेची अडचण आहेच. शिवताना कापड जेवणाच्या टेबलावरून बाल्कनीपर्यंत जातं आणि त्या दिवशी सगळे हातात ताटं घेऊन जेवतात.

पण हे यंत्र फक्त सरळ टाका घालतं. खोळीला तो उत्तम. शिडाला नाही. शीड वाऱ्यात तिरक्या अंगाने ताणलं जातं, सरळ शिवण त्याच्याबरोबर ताणत नाही, आणि दोरा पटापट तुटत जातो. झिगझॅग टाक्यात दोऱ्याला ताणायला जागा उरते. म्हणून शिडं पूर्वीपासून त्याच टाक्याने जोडतात. झिगझॅगच्या यंत्राचं पेटंट हेलन ब्लँचर्ड या अमेरिकन बाईंच्या नावावर 1873 साली निघालं. आता याला आणखी एक यंत्र घ्यायचं की काय, असा प्रश्न आला. मी म्हटलं, खाली उतर आणि गल्लीतल्या पाट्या वाच.

फॉल-पिको. साडीच्या कडेला जो पिको करतात तो बारीक झिगझॅगच. हिमायतनगरच्या प्रत्येक गल्लीत असं एक यंत्र चालू असतं. कोपऱ्यावरच्या बाईंकडे आम्ही लेझरचं शीड घेऊन गेलो. ते एकट्या माणसाच्या होडीचं, सात चौरस मीटरचं. काठीवर पिशवीसारखं चढतं आणि फाटतं बहुधा त्या बाहीच्या शिवणीला. बाईंनी आधी कापड चिमटीत धरून चुरगाळलं, त्याचा कडकड आवाज ऐकला आणि विचारलं, "ही कुठली ऑर्गंडी?" मग कामाला लागल्या. पिकोत टाक्यांमध्ये अंतर जवळजवळ नसतंच, कड भरून काढायची असते, इथे उलट. टाका बोटाच्या नखाएवढा रुंद ठेवायचा आणि लांबीही मोकळी. एवढं सांगितल्यावर त्यांनी दोन तरफा सरकवल्या, सोळा नंबरची सुई घातली, आमचा जाड दोरा बॉबीनवर भरून घेतला आणि बॉबीनकेस दोऱ्याने लटकवून मनगटाला झटका दिला. चार बोटं उतरली. भाचीने माझ्याकडे पाहिलं; ही गोष्ट तिने ऐकलेली होती.

अडचण एकच आली. यंत्राच्या हाताखालची जागा इतकी कमी की शिडाची गुंडाळी तिथून जाईना. बाईंनी शीड दोन्ही बाजूंनी घट्ट वळलं, कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, आणि सवयीने हाक मारली, "ए बेटा, पीछे से पकड." बेटा म्हणजे मी. साठीतल्या माणसाला. वॉकिंग फूट नव्हता ना त्या यंत्राला. भाचीने पदर आधीच दुतर्फी चिकटपट्टीने एकमेकांना चिकटवून आणले होते, त्यामुळे माझं काम निम्म्याने कमी झालं होतं. ही चिकटपट्टी आजच्या हत्यारांतली सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोलाची. टाचण्यांनी शिडाला भोकं पडतात, आणि त्या पडलेल्या भोकांपासूनच कापड पुढे फाटतं.

बाकी हत्यारांची निवड सोपी आहे. भाचीच्या डब्यात काय आहे ते सांगतो: सोळा, अठरा आणि एकवीस नंबरच्या सुया भरपूर, कारण बोथट सुईचा दोष नेहमी यंत्रावर जातो, पितळेची आयलेटं आणि ती ठोकायचा ठसा (लोखंडी आयलेटांचा गंज पहिल्याच पावसात कापडावर उतरतो), जाड दातांची प्लास्टिकची चेन, धातूची अजिबात नाही, तापती सुरी, चांगली जड कातर, जिने घरातल्या कुणीही कागद कापायचा नाही. आणि चामड्याचा तो पट्टा. गोव्यात दिवाडीच्या बेटावर बांधलेल्या म्हादेईतून दिलीप दोंदे 2009-10 साली एकटे जगाला वळसा घालून आले. तसल्या प्रवासात भर समुद्रात शिवण उसवली तर मागून कापड धरायला कुणी नसतं. तिथे हाताची सुईच खरी. तळ्यावरसुद्धा शिडाचे कोपरे, जिथे दहा-बारा पदर आणि पट्टे एकत्र येतात, तिथे कोणतंच घरगुती यंत्र जात नाही. अण्णांचा पट्टा मामांकडून माझ्याकडे आलेला होता. मी तो मोठ्या प्रेमाने भाचीला दिला. तिने हातावर चढवला आणि परत केला. ती डावखुरी आहे, पट्टा उजव्या हाताचा. तिने डाव्या हाताचा मागवला, चार दिवसांत घरपोच आला.

मामांचं 31 के माझ्याकडे आहे. उस्तादांचा नातू आता यंत्रांचा मिस्त्री आहे, स्कूटरवर येतो. दोन्ही यंत्रांना तोच तेल घालून जातो. परवा त्याला विचारलं, यातलं कोणतं आधी मरेल? तो म्हणाला, सिंगरचा कुठलाही भाग राणीगंजात किंवा जुन्या बाजारात धुंडाळला की सापडतो, नाही सापडला तर लेथवर करून घेऊ. नव्याची मोटर गेली तर आतलं सर्किट बदलावं लागेल. ते मागवायचं, आणि येईल तेव्हा येईल. मग थोडं थांबून म्हणाला, "लेकिन इस पे पीछे आदमी नक्को, मामू." भाचीने त्याच्याकडून दोन जादा सर्किटं मागवून घेतली आहेत. सेलिंग वीकच्या आधी खोळी द्यायच्या आहेत, आणि निळ्या कापडाची छटा अजून ठरायची आहे.